एकसष्ट ग्रॅमची मूठ

'चवीपुरतं' हा शब्द ऐकून पांढराफटक पडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे महाडचे आमचे शेजारी, उतेकरकाका.

आम्हाला महाडात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण, बदली होऊन आलेली. कडेवर दीड वर्षाची मुलगी, आणि नवरा पनवेलला नोकरीला, तो उगवणार शनिवारी. अशा वेळी शेजार चांगला हवा म्हणून मी वाटीभर वांग्याचं भरीत घेऊन शेजारच्या दारात गेले. काकांनी वाटी घेतली, वास घेतला, पसंतीची मान डोलावली आणि विचारलं, "बाई, मीठ किती घातलंत?"

"चवीपुरतं."

काकांनी वाटी हळूच टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. "चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?"

मला वाटलं, थट्टा चाललीय. मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "अंदाज नको बाई. आकडा बोला."

आता मी मुळातच भित्री. पालीला भिते, आकाशपाळण्याला भिते, शिक्षण खात्याच्या जीपला भिते. पण माझं एक आहे, भीती वाटली की माझी जीभ सुटते. मी म्हटलं, "काका, भरीत आहे ते. बॉम्ब नव्हे."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "त्यांना त्येच तर वाटतं गो बाय! ये, आत ये. ती वाटी मी खाते."

आत गेले आणि थक्क झाले. ओट्यावर मिक्सर असावा तिथे काचेच्या पेटीत दोन पारड्यांचा काटा. शेजारी मखमलीच्या खाचांत पितळी वजनं मांडलेली, आणि ती उचलायला चिमटा. वजनांना हात लावायचा नाही, बोटांचा घाम वजनात जातो! हा काटा काकांनी त्यांच्या कारखान्याच्या भंगारातून मागून आणला होता. पोळीचा उंडा बत्तीस ग्रॅमचा. पोहे माणशी पंचाहत्तर. वेलदोडे चिमट्यानं. हिंगाला मात्र ते टरकून असायचे, कारण चिमूटभर हिंग त्या काट्यावर टाकला तरी पारडं ढिम्म हलायचं नाही. "वजन नाही आणि परिणाम एवढा," ते डबीकडे बघत म्हणायचे, "अशा मालावर माझा विश्वास नाही." मग ती डबी काकूंच्या ताब्यात राहायची.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. अमुकच्या लग्नात तमुककडून भेट. काकांनी नावं घालणाऱ्याला घरी बोलावलं, घरातली यच्चयावत भांडी त्याच्यापुढे मांडली. त्यानं मशीन हातात घेऊन विचारलं, "काय नाव घालू?" काका म्हणाले, "घाला, एकशे सत्याऐंशी." प्रत्येक भांड्यावर त्याचं स्वतःचं वजन! म्हणजे डाळीसकट मोजायचं आणि भांड्याचं वजा करायचं. त्या घरी चहा प्यायला गेलं की पेल्याच्या बुडावर आकडा दिसायचा आणि कैद्याला बिल्ला मिळाल्यासारखं वाटायचं.

स्वयंपाकाची त्यांची भाषाही वेगळी. कुकर लावणं म्हणजे 'बॅच घेणं'. फोडणीत मोहरी टाकणं म्हणजे 'चार्ज करणं'. भात करपला तर 'बॅच रिजेक्ट'. एकदा काकूंचा भाऊ उमरठहून आला होता, रानातल्या कामाचा दणकट गडी. काका भाताचं पातेलं घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "किती ग्रॅम वाढू?" तो बिचारा घास हातात धरून बहिणीकडे बघत राहिला. काकू कडाडल्या, "खायाला बसलेल्या मानसाला असं इच्यारतात काय? लाज नाय वाटत?" आणि पातेलं हिसकावून त्याच्या ताटात डोंगर केला.

गणपतीत तर कहर. मोदक चाळीस ग्रॅमचा, एक ग्रॅम इकडेतिकडे झाला की उकड कातरायची. काकू देवापुढे हात जोडून म्हणायच्या, "बघ रे बाबा. तुज्या पोटावर पन ह्यांचा काटा."

मी हे सगळं शाळेत रंगवून सांगायचे. मधल्या सुट्टीत बायका पोट धरून हसायच्या. पुढे काय होणार हे माहीत असतं तर एवढी हसले नसते.

काकांचं हे असं का, ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. एमआयडीसीत एका रसायनाच्या कारखान्यात ते पाळीचे प्रमुख होते. एकदा एका कामगारानं पिंपातला माल न मोजता ओतला. काकांनी विचारलं, "किती टाकलास?" तो म्हणाला, "असंल अंदाजे अर्धं." पाच मिनिटांत आतलं रसायन उकळून वर आलं, झाकण उडालं, भोंगा वाजला. त्या कामगाराचा एक डोळा गेला. "मी शेवटपर्यंत व्हॉल्व्हपाशी उभा होतो," काका म्हणाले. त्यानंतर त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि घरी बसले. घरी करायला काही नव्हतं. होतं फक्त स्वयंपाकघर, आणि त्यात अंदाजाने रांधणारी बायको.

काकूंचं सगळं माप मुठीत. माणशी दोन मुठी तांदूळ, वर एक चिमूट परत कोठीत टाकायची, म्हणजे कोठी रिकामी होत नाही. त्या चिमटीपायी काका वेडे व्हायचे. "मोजून घेतलेला माल परत टाकतेस? हिशेब काय राहिला?" काकू म्हणायच्या, "हिशेब तुमचा, कोठी माजी."

पण मुठीचं खरं प्रकरण सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळे. मनीषा लग्न होऊन डोंबिवलीला गेली. नवरात्रात तिचा फोन आला, "आई, तुझ्यासारखा भात होत नाही गं. कधी चिकट, कधी फडफडीत." काकू म्हणाल्या, "दोन मुठी घे नि वर बोटभर पानी." मुलगी म्हणाली, "तुझी मूठ वेगळी, माझी वेगळी." हे ऐकलं आणि काकांचे डोळे चमकले. आयुष्यात प्रथमच बापाला लेकीच्या संसारात कामगिरी मिळाली! त्यांनी ठरवलं, काकूंची मूठ मोजायची. एकदा नव्हे, रोज. सरासरी काढायची आणि लेकीला सगळे पदार्थ ग्रॅममध्ये लिहून पाठवायचे.

दसऱ्यापासून रोज सकाळी हा सोहळा. काकू कोठीत हात घालायच्या, मूठ बाहेर आली की काका ताटली पुढे करायचे. "थांब गो! इकडे." तांदूळ पारड्यात. दुसऱ्या पारड्यात चिमट्यानं वजनं. मग ते दारूगोळा मोजल्यासारखा आकडा पुकारायचे, "एकसष्ट!" कधी साठ, कधी बासष्ट, बाकी एकसष्टच. डायरीत नोंद. मला म्हणाले, "बाई, मशीन आहे हो ही बाई. इतकी वर्षं उगाच भांडलो." काकू लाजल्या. त्या वयातही.

पौषात आकडा उतरायला लागला.

पहिल्या दिवशी काका ओरडले, "अठ्ठावन्न! काटा बिघडला!" वजनांची पेटी छातीशी धरून ते बाजारपेठेत सोनाराकडे गेले. सोनारानं एकेक वजन आपल्या काट्यावर घातलं आणि सांगितलं, "उतेकर, तुमची वजनं चोख आहेत." काका चिडून घरी आले. दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला काय कळतंय, म्हणाले.

"छप्पन!" आता दोष तांदळाचा. नवा तांदूळ ओला असतो, जुना सुका. त्यांनी जुन्या तांदळाची गोणी आणवली. पुढे नाते गावातल्या आपल्या भावाकडून वेगळा तांदूळ मागवला. तीन डब्यांत तीन जातींचे तांदूळ, प्रत्येकावर चिठ्ठी. काकू वैतागल्या, "माज्या घराचं रेशनचं दुकान केलंत."

"चौपन्न!" मग बोटं. थंडीनं बोटं आखडली असणार, म्हणून मूठ पुरती मिटत नाही. उपाय, जवळच्या सव गावचे गरम पाण्याचे झरे. तीन रविवार ते काकूंना घेऊन सवला गेले. एकदा मीही गेले. काका खिशातून थर्मामीटर काढून पाण्यात बुडवून बसले होते आणि आंघोळीला आलेली माणसं त्यांना ओलांडून जात होती. काकू काठावर हात बुडवून बसल्या होत्या. त्यांच्या बांगड्या कोपराकडे घरंगळत होत्या, त्या पुन्हापुन्हा खाली ओढत होत्या. मी ते पाहिलं. पाहिलं आणि भजी कुठे मिळतात ते शोधायला गेले. एवढी मी शहाणी!

शिमग्याला काकू माहेरी उमरठला जाऊन आल्या. दरवर्षी पालखीपुढे नाचणारी ही बाई, यंदा पायरीवर बसूनच पालखी बघितली म्हणाली. "दमायला होतं गो. वय झालं." अधूनमधून खोकायच्या. "मिरच्या भाजल्या ना, ठसका लागला." मिरच्या भाजून चार दिवस झालेले असायचे.

"बावन्न," काका म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. "बाई, एक मदत हवी. रोज शाळेत जाताना माझ्याकडे एक मूठ घालून जाल?"

"माझी मूठ कशाला?"

"काटा तोच. तांदूळ तोच. मूठ दुसरी. तुमचाही आकडा उतरला तर दोष काट्याचा नाहीतर तांदळाचा." त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला हसू आलं. घातली मूठ. चौपन्न. दुसऱ्या दिवशी चौपन्न. मग त्रेपन्न, चौपन्न, पंचावन्न, चौपन्न. मला तर गंमत वाटायला लागली. शाळेत सांगितलं, माझ्या मुठीची कुंडली मांडतायत. काकूही हसायच्या, "बाईंची मूठ बारकी हाय, पन इमानी."

दहाव्या दिवशी मी मूठ घातली. चौपन्न. काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. काकांनी चिमटा मखमलीवर ठेवला.

"म्हणजे काटा बरोबर आहे," ते म्हणाले.

"हो."

"तांदूळही बरोबर आहे."

"हो काका."

"म्हणजे..." ते खिडकीतून अंगणात बघत होते. काकू दोरीपर्यंत हात उचलत होत्या, मधेच थांबत होत्या, श्वास घेत होत्या. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दहा दिवस मी ज्यावर विनोद करत होते ते काय आहे, ते मला तेव्हा कळलं. आणि काकांना ते कदाचित पौषातच कळलं होतं. सोनार, गोणी, सव, माझी मूठ, हे सगळं त्यांनी ते कळू नये म्हणून केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी थांबले. काकूंनी कोठीत हात घातला. काकांनी ताटली धरली, तांदूळ पारड्यात ओतले, चिमट्यानं वजन ठेवलं. पन्नासचं मोठं वजन, एकटं. काटा मध्यावर येऊन थांबला.

"एकसष्ट," काका म्हणाले.

माझ्या हातातला पेला निसटता निसटता राहिला. जो माणूस कोथिंबिरीच्या काडीचं वजन वजा करायचा, तो माणूस धडधडीत खोटा आकडा बोलला होता. आवाज अगदी स्वच्छ. काकू "बरं" म्हणाल्या आणि तांदूळ धुवायला घेतले. त्या दिवसापासून रोज एकसष्ट. डायरीत नोंद मात्र नाही.

मी काकांना पडवीत गाठलं. "काका, त्यांना डॉक्टरकडे न्या."

"नेतो ना. सोमवारी."

सोमवार गेला. पुढचा गेला. तिसऱ्या सोमवारी मला राहवेना. "काका, आज नेता की मी नेऊ?"

"डॉक्टर आधी वजनकाट्यावर उभं करतील, बाई."

"करू देत!"

"आकडा येईल."

"येऊ दे की! आकडा आकडा करून आमचा जीव खाल्लात ना इतके दिवस?"

"आलेला आकडा परत पाठवता येत नाही हो. अजून आला नाहीये, तोवर काय पण असू शकतं. थकवा असेल. उन्हाळा असेल."

"म्हणजे अंदाज?" मी म्हटलं. फार लागट बोलले. पण मला भीती वाटत होती आणि माझं तुम्हाला ठाऊकच आहे. "काका, तुम्ही भित्रे आहात!"

"आहे," ते म्हणाले. "तुम्हाला मी सांगितलं ना, व्हॉल्व्हपाशी उभा होतो? नव्हतो. भोंगा वाजला आणि मी सगळ्यांच्या पुढे पळालो. तो पोरगा आत राहिला. मी गेटबाहेर." मग घराकडे बघत म्हणाले, "तिथे पळायला गेट तरी होतं."

मी घरी गेले, मुलीला उचललं आणि काकूंना जाऊन सांगितलं, "काकू, पोरगी रात्रभर खोकतेय. माझ्याबरोबर दवाखान्यात चला, एकटीला धीर होत नाही." पोरगी ठणठणीत होती आणि केळं खात होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि निमूट चपला घातल्या. आमच्या मागे वीस पावलांवर काका चालत होते. दवाखान्याशी आलो तसे ते बाहेरच्या बाकावर बसले, पाठ करून.

डॉक्टरांनी मुलीला बघून सोडून दिलं आणि काकूंकडे बघितलं. मी न सांगता त्यांनी स्टेथोस्कोप काकूंच्या पाठीला लावला. खोकला बरेच दिवस आहे का, संध्याकाळी अंगात कणकण येते का, भूक? काकू एकेका प्रश्नाला नुसती मान हलवत गेल्या. हो. हो. नाय. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "छातीचा फोटो काढू, थुंकी तपासू. मला टीबीची शंका आहे. घाबरू नका, औषधानं बरा होतो."

खरं सांगते, लाज वाटते पण सांगते. माझा हात आपोआप मुलीकडे गेला. मी तिला उचलून खिडकीपाशी नेलं. काकूंनी ते पाहिलं. पदर तोंडावर घेतला आणि स्टूल मागे ओढून भिंतीला चिकटून बसल्या. त्यांचा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता, तो हेच घेऊन गावी आला आणि परत गेला नाही, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्या क्षणी धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "वजन?"

कोपऱ्यात स्प्रिंगचा जुनाट काटा होता. काकू त्यावर चढल्या, काटा इकडून तिकडे डुलत राहिला. कंपाउंडर वाकून बघत म्हणाला, "सदतीस... अडतीस... हलतोय साहेब. चाळीस धरा."

"चाळीस धरू," डॉक्टर लिहायला लागले. "पुढे गोळ्या वजनावर ठरतील, तेव्हा बघू."

"धरू नका!"

दारात काका उभे होते. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे. "माझ्या बायकोचं औषध धरलेल्या वजनावर देता?" एवढं बोलून ते आत घुसले. कुणाची परवानगी नाही, काही नाही. काकूंना दंडाला धरून खाली उतरवलं. रिकामा काटा पाहिला, तो दोनच्या पुढे उभा होता. खालची चकती फिरवून शून्यावर आणला. काटा भिंतीजवळच्या सपाट फरशीवर ठेवला. काकूंच्या चपला काढायला लावल्या, हातातली पिशवी माझ्याकडे दिली. "आता चढ. हलू नको. श्वास घे नि उभी राहा."

मग ते काट्यापुढे गुडघ्यांवर बसले, चष्मा वर केला आणि तोंड अगदी काकूंच्या पावलांशी नेलं. डॉक्टरही थांबले. काटा हळूहळू स्थिर झाला आणि तरीही काका वाकलेलेच. मला वाटलं, आता एकसष्ट म्हणतात की काय.

"साडेछत्तीस," ते म्हणाले. "लिहा डॉक्टर. साडेछत्तीस किलो. कपडे धरून." आणि काकूंचा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी फरशीवर ठेवला, मग दुसरा.

छातीचा फोटो काढायला पलीकडच्या गल्लीत जायचं होतं. तिथे रांग होती. काका म्हणाले, चहा आणतो, आणि गेले. मी मुलीला कडेवर घेऊन उभी होते. काकू बाकावर टोकाकडे, तोंडावर पदर. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. त्या सरकल्या, मीही सरकले. आणखी सरकायला बाक उरला नाही तेव्हा त्या थांबल्या.

"पोरीला लांब ठेव गो," त्या म्हणाल्या. मी मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं, पण उठले नाही. मग त्या समोर बघत बोलायला लागल्या.

"माला ठावं होतं."

"दुखणं?"

"कंचं दुखनं ते नाय, ते निस्तं अंदाजानं. पन कायतरी मोठं हाय हे ह्यांच्याकडनं कळलं. आदी अठ्ठावन्न म्हनले, छप्पन म्हनले, घर डोक्यावर घेतलं. तवा माला काय नाय वाटलं. मग एक दिस एकदम एकसष्ट. मी बघते तर पारड्यात ते मोठं वजन एकटंच. आदी एकसष्ट व्हायाचं तवा तीन असायची गो, मोठं, मधलं नि ते टिकलीएवढं. आकडे माला नाय समजत, पन तीन नि एक समजतं." त्या थांबल्या, खोकला पदरात दाबला. "तीस वर्सं झाली लग्नाला. हा मानूस माज्यासंगं कदी खोटं नाय बोलला. साडी वाईट दिसली तर वाईट म्हननारा मानूस. तो खोटं बोलला, तवा माजं काळीज हाललं."

"मग बोलला का नाहीत काकू?"

"काय बोलू? ते एवढं जमवून बोलत व्हते." त्यांनी आपले हात समोर धरले, बोटं मिटली, उघडली. "मग मी मूठ दाबून घ्यायला लागले. ह्यांची पाट फिरली की दुसऱ्या हातानं पन तांदूळ भरायची. म्हटलं, त्या मोठ्याच्या शेजारी मधलं बसलं पायजे. एवड्या वयात त्या मानसाला रोज सकाळी खोटं बोलायला लावायचं, बरं नाय दिसत. पन बोटांत जोरच नाय गो. सगळा तांदूळ फटीतनं खाली."

मला रडू आवरेना. काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवायला पुढे केला, मग आठवलं तसा मागे घेतला. मी तो ओढून धरला. खरंच त्या हातात काही उरलं नव्हतं.

"त्यांना सांगू नको हां, मी सांगितलं म्हनून," त्या म्हणाल्या. "घाबरतील."

काकू पुढे बऱ्या झाल्या, हे सांगून टाकते. महिनोन्‌महिने गोळ्या चालल्या, एक दिवस चुकला नाही. मनीषा येऊन राहून गेली. माझी मुलगीही सुखरूप. पण त्या दुपारी आम्हा तिघांपैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं, आणि समोरचं फोटोच्या खोलीचं दार उघडलं की आम्ही दचकून तिकडे बघत होतो.

काका चहाचे तीन पेले सांभाळत आले. एक काकूंना दिला. "गरम आहे, हळू पी," म्हणाले. मग मला खुणेनं जिन्यापाशी बोलावलं. तोंड भिंतीकडे करून, अगदी हलक्या आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही तिच्यापाशी होता. तिला माझं ते... एकसष्टचं काही कळलंय का हो?"

मी बाकाकडे पाहिलं. काकू दोन्ही तळव्यांत पेला धरून, मुद्दाम दुसरीकडे बघत चहा पीत होत्या.

"नाही काका," मी म्हटलं. "काहीच नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "बरं झालं," म्हणाले. "नका सांगू हं कधी. ती फार भित्री आहे."